पगारवाल्या महानंदाताई

तुम्ही आता नीट टेकून बसला असाल. अशा लेखात काय येतं ते तुम्हाला पाठ असतं. एक गरीब माणूस येतो. सदरा फाटका, मन मोठं. तो कुणाला तरी गुपचूप मदत करतो, ते आपल्याला उशिरा कळतं, आणि शेवटच्या पानावर तो मरतो. तुम्ही रुमाल काढता.

तर रुमाल राहू द्या खिशात. महानंदाताई गरीब नव्हत्या. त्यांच्या रोजच्या साड्या माझ्या आईच्या लग्नातल्या साड्यांपेक्षा भारी असायच्या. गुपचूप मदत त्यांना जमलीच नसती, कारण आमच्या मिलमध्ये भोंग्याच्या खालोखाल मोठा आवाज त्यांचा होता. आणि त्या मेल्या बी नाहीत. नायगावला आहेत. एक गुडघा सोडला तर ठणठणीत आहेत. मागच्या पोळ्याला मी फोन केला तर म्हणाल्या, काम काय ते लवकर सांग, पुरण वाटून राहिले. काम काहीच नव्हतं. मी म्हणालो, सहज केला. त्या म्हणाल्या, सहज म्हंजे काय, आणि ठेवून दिला.

आता बोला. माणूस जितं आहे, फोन लागतो, एसटी जाते. तरी बी आठवण येते, आणि मेलेल्या माणसाची येते तशी येते. महिन्याच्या सुरुवातीला जास्त येते.

लातूरच्या एमआयडीसीत एक डाळमिल आहे. नाव सांगत नाही. आमचे शेठ काही वाचत नाहीत, पण त्यांचे जावई वाचतात. जवळच्या मुरुडहून बी. कॉम. होऊन मी तिथं कॉम्प्युटरवर बसायला लागलो तेव्हा ताई तिथल्या जुन्या झाल्या होत्या. हजेरी, रजा, उचल आणि पगार, हे सगळं त्यांच्याकडं. माहेर निलंग्याकडचं. तिथून कर्नाटक हाकेवर, म्हणून राग मराठीत मावेनासा झाला की कन्नड बाहेर यायचं. "साकु" म्हणाल्या की समजायचं, पुरे झालं, आता उठा. सासर नांदेडकडच्या नायगावचं. नवरा तिकडं शेती बघायचा आणि त्या पोरांच्या शिक्षणासाठी लातुरात खोली करून राहायच्या.

उंची कमी, चाल जोरात, चष्म्याला काळी दोरी. माणसाला नावानं हाक मारत नव्हत्या, गावानं मारायच्या. "ए किल्लारी, अंगठा का न्हाई लावला सकाळी?" "औसा, रजेचा अर्ज शुद्धीवर असताना लिहीत जा." मी मुरुड. एका गावचे दोघं असले तर थोरलं मुरुड आणि धाकलं मुरुड. एक मशिनवाला पार उत्तरेकडून आलेला होता. त्याच्या गावाचं नाव त्यांच्या तोंडात बसेना, मग त्याला त्या "लांब" म्हणायच्या. "ए लांब, जेवला का रे?" आणि तो बी ओ द्यायचा.

माझं सांगायचं तर माझा पगार कॉम्प्युटरचा आणि धंदा आवाजाचा. शाळेच्या गॅदरिंगला हेडमास्तरांचा आवाज काढून मी मार आणि बक्षीस दोन्ही एकाच दिवशी घेतलेलं आहे. मिलमध्ये डब्याच्या सुट्टीत फर्माईश व्हायची. छोटे शेठ फोनवर तूर घेताना, ट्रकवाला ट्रक मागं घेताना, डाळ निवडायचं मशिन बंद पडताना. ताईंचा बी काढायचो. एकदा त्या मागं येऊन उभ्या राहिल्या. सगळे गप. त्या म्हणाल्या, थांबला कशाला, मी कशी बोलते ते मला बी कळू दे. मी घाबरत घाबरत पुरं केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी एवढं नाकात बोलत न्हाई. सुधार."

डाळीच्या धंद्यात डाळ आधी जाते आणि पैसा मागून येतो. कधीकधी लई मागून येतो. मग पगार लांबतो. बाकीच्या मिलमध्ये पगार लांबला की पगार करणारा माणूस लपतो. कुणाचा डोळा दुखतो, कुणाची चुलती वारते. आमच्याकडं उलटं. पगार लांबणार हे ज्या दिवशी कळायचं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आपली खुर्ची उचलून फाटकात नेऊन ठेवायच्या आणि तिच्यावर बसायच्या. पाळीवर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्यासमोरूनच जावं लागायचं. प्रत्येकाला त्या स्वतः सांगायच्या, पार्टीचे पैसे आले न्हाईत, शुक्रवारपर्यंत येतील असं दिसतंय, शुक्रवारी काय झालं ते मी इथंच बसून सांगीन. लोक पुढं जाऊन शिव्या घालायचे, पण ताईंना ऐकू जाईल अशा बेतानं. ताई मान हलवायच्या, जशी काय हजेरी घेऊन राहिल्यात.

मी एकदा विचारलं, ताई, केबिनमध्ये पंखा आहे, लोक तिथं येतीलच की विचारायला. म्हणाल्या, "पगार मागायला मानूस टेबलासमोर उभा राहिला की लहान होतो. मंग तो बायकोचं दुखनं काढतो, लेकराची फी काढतो. कशाला काढायला लावायचं त्याला? त्यानं इचारायच्या आधी आपुन उठून सांगायचं."

आणि "उद्या" हा शब्द त्यांनी कुलपात ठेवला होता. खरोखर उद्या होणार असेल तरच काढायच्या. म्हणून त्यांनी उद्या म्हटलं की माणसं त्याच दिवशी दुकानात जाऊन उधारीवर गोडेतेल घ्यायची, आणि दुकानदार द्यायचा बी.

एकदा छोटे शेठनी मला नोटीस टाइप करायला लावली. काही तांत्रिक कारणामुळे वेतनास विलंब होत आहे, सहकार्य करावे, अशी. ताईंनी ती वाचली, चष्मा पुसून परत वाचली, आणि केबिनमध्ये शिरल्या. विचारलं, तंत्र कोनतं बिघडलंय. शेठ म्हणाले, तसं लिहायची पद्धत असते. ताई म्हणाल्या, हमाल तंत्र वाचून वर मशिनकडं बघतो, मशिन तर धडधड चालू हाय. शेठ म्हणाले, पैसे नाहीत असं लिहिलं तर बाजारात काय इज्जत राहील. ताई म्हणाल्या, "बाजाराला कालच म्हाईत झालंय, शेठ. आपल्या पोरांनाच तेवढं म्हाईत न्हाई." मग नोटीस लागली ती अशी: पैसे आले नाहीत. आले की त्याच दिवशी देऊ. काही विचारायचं असेल तर महानंदाला विचारा. शेठनी त्यात एकच दुरुस्ती केली. महानंदापुढं ताई लावलं.

रागावलेल्या माणसासाठी त्यांच्याकडं एक औषध होतं. सुतळी. तुरीची पोती उसवली की सुतळीचा नुस्ता गुंता पडतो मिलमध्ये. ताई तो फेकू देत नव्हत्या. टेबलाखाली टोपलीभर गुंता असायचा आणि फुरसत झाली की त्या सोडवून गुंडे करायच्या. कुणी तणतणत आला की त्या त्याला बस म्हणायच्या नाहीत, शांत हो म्हणायच्या नाहीत. टोपलीतून एक टोक काढायच्या आणि म्हणायच्या, "हे धर जरा." एका हातात सुतळीचं टोक असलं की माणसाला टेबल बडवता येत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मिशीवाला एक हमाल टेबलाची काच फोडायच्या तयारीनं आला होता. त्यानं टोक धरलं. ताई गुंडाळत राहिल्या. तो आधी पगारावर बोलला, मग मुकादमावर, मग मेहुण्यावर, आणि गुंडा पुरा झाला तेव्हा तो बायकोच्या पोटदुखीपाशी आला होता. ताईंनी डॉक्टर सांगितला. जाताना तो विचारतो, ताई, अजून गुंडाळायची हाय का?

त्यांना संत करू नका, एवढं सांगून ठेवतो. बँकेला जाणाऱ्या पगाराच्या यादीत पहिलं नाव त्यांचं स्वतःचं असायचं. मी म्हणालो, ताई, हे बरं दिसत नाही. म्हणाल्या, माझ्या मोबाईलवर पैसे जमा झाल्याचं वाजलं की मला कळतं, सगळ्यांचे गेले. दुसऱ्याच्या मोबाईलला काय कान लावून बसू? आणि हातउसने पैसे त्या कुणाला देत नव्हत्या. एकाला दिले की मी पगारवाली राहत न्हाई, सावकारीन होते, म्हणायच्या. त्यावर कुणाचं रडणं चालत नव्हतं.

म्हणून दत्ताच्या वेळी जे झालं ते लक्षात राहिलं.

दत्ता म्हणजे किल्लारी. डाळ निवडायच्या मशिनवर होता. गरीब गाय. बाप नाही, आई आणि एक धाकटी बहीण, तिचं लग्न ठरलेलं. पोराकडचे नांदेडचे, नोकरदार, जरा वरचढ. साखरपुड्याला दत्तानं उचल घेतली होती, आणि ती फिटल्याशिवाय दुसरी द्यायची नाही असा शेठचा नियम. आता बस्ता होता. आमच्याकडं बस्ता म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला दोन्हीकडची माणसं मिळून दुकानात जातात. नवरा-नवरीचे, विहिणींचे, मामा-मावश्यांचे, सगळे एकाच बैठकीत. गाद्यांवर बसायचं, चहा प्यायचा, नावं ठेवायची, आणि शेवटी पोरीच्या भावानं सगळ्यांदेखत उठून पैसे चुकते करायचे. दत्तानं बस्ता पगारानंतरच्या शुक्रवारी धरला होता. तेवढ्यात पगार लांबला. पाहुणे म्हणाले, आम्ही रजा टाकल्यात, आता दिवस बदलत नाही.

गुरुवारी दत्ता आत आला. हातातली टोपी त्यानं टेबलावर आपटली. एवढ्या मऊ पोराचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि खरं सांगतो, काढायची इच्छा बी झाली नाही. त्यानं सगळं एका दमात सांगितलं. दुकान पाहुण्यांनी ठरवलंय, तिथं माझी उधारी चालत नाही. उद्या सगळ्यांसमोर मी खिशात हात घालू आणि काय काढू? ते लोक तोंडावर काही बोलणार नाहीत, पण माझी बहीण त्या घरात जन्मभर ऐकंल.

ताई खाली वाकल्या आणि टोपलीतून टोक काढलं. "हे धर जरा."

दत्तानं हात मागं घेतला. "सुतळी नका देऊ ताई. मला म्हाईत हाय तुमचं. मला शांत न्हाई व्हायचं."

ताई सुतळी हातात धरून बसल्या. मला वाटलं आता कन्नड येणार. पण त्यांनी सुतळी टोपलीत टाकली, साडीवरचे धागे झटकले आणि विचारलं, बस्ता कितीला आहे आणि दुकान कुठलं. दत्ता म्हणाला, सकाळी अकराला, गंजगोलाईत. ताई म्हणाल्या, मी येते. तो म्हणाला, तुम्ही कोण म्हणून? त्या म्हणाल्या, "आत्या म्हन. तुझा बाप न्हाई सांगायला, की मला भैन नव्हती म्हनून."

छोटे शेठ तेव्हा नांदेडला, सासरच्या लग्नात. ताईंनी माझ्यासमोर त्यांना फोन लावला. पार्टीचे पैसे सकाळीच खात्यात आले होते. आता शेठनी आपल्या मोबाईलवरून मंजुरी दिली की पगार सुटणार, एवढंच बाकी. पण शेठला त्या पैशातून आधी तूर उचलायची होती, भाव पडला होता. सोमवारी बघू म्हणाले. ताईंनी त्यांना दत्ताचं सांगितलं नाही, फाटकावर लागलेली तीच नोटीस आठवून दिली. आले की त्याच दिवशी देऊ असं लिहिलंय शेठ, आणि खाली माझं नाव हाय. बरीच घासाघीस झाली. शेवटी शेठ म्हणाले, उद्या चारपर्यंत करतो.

चारपर्यंत. आणि बस्ता अकराला. ताई मला म्हणाल्या, तू फोनपाशी बस, मी दुकानात बसते.

दुकानातलं मी पाहिलं नाही, दत्तानं सांगितलं. दत्ता खोटं बोलायला लागला की अडखळतो, हे सांगताना तो एकदा बी अडखळला नाही. ताई सगळ्यात भारी साडी नेसून आल्या, गादीच्या बरोबर मध्यभागी बसल्या आणि पहिली साडी उलगडल्याबरोबर म्हणाल्या, काठ बरा हाय पर पदर रडका हाय. दुसरी पहिल्या धुण्यात आटंल. तिसरी चांगली आहे, पण पोरीच्या मावशीकडं अशीच आहे आणि मावशीचं तिच्याशी पटत नाही. दुकानदाराच्या पोरांनी फडताळं रिकामी केली. दत्ताच्या आईला भीती वाटायला लागली की पाहुणे उठून जातात. पण बस्त्यात साड्यांना नावं ठेवली म्हणून कुणाला राग येत नाही, उलट नावं न ठेवणारी बाई भोळसट समजली जाते. ताईंनी बरोबर ते धरलं होतं. थोड्या वेळानं नवरदेवाच्या आईला राहवेना. लातूरची बाई एवढ्या चुका काढते म्हटल्यावर नांदेडनं मागं का राहावं? तिनं बी काढायला सुरुवात केली. मग काय, दोघींनी मिळून त्या दुकानाची दुपार खाल्ली. जेवायला उठले, परत येऊन बसले. नवरदेवाच्या कोटासाठी त्याला एवढ्या वेळा उभा केला की तो म्हणाला, कोणता बी द्या, मला बसू द्या.

इकडं चार वाजले. काही नाही. मी शेठना फोन लावला, उचलला नाही. परत लावला, कापला. ताईंचा फोन आला. मागं नुस्ती बायकांची गडबड. मी म्हणालो, अजून नाही. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "बरं बरं, जेवून घ्या तुमी. आमी आता शालू बघून राहिलो." आणि मग हळू आवाजात, तोंडाला पदर लावून बोलल्यासारखं, "मुरुड, शालूच्या पुढं काय राहिलं न्हाई रे बघायला."

एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला. मी कचेरीत एकटा. समोर मोठ्या शेठची केबिन. मोठे शेठ म्हणजे छोट्यांचे वडील, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मिल त्यांनीच उभी केलेली. आता घरीच असायचे, पण कधी लहर आली की दुपारचे रिक्षा करून यायचे, आपल्या केबिनमध्ये बसायचे आणि टेबलावरच्या जुन्या फोनवरून पोराला पाच प्रश्न विचारायचे. छोटे शेठ जगात फक्त त्या फोनला घाबरायचे.

मी केबिनमध्ये गेलो. फोन उचलला. अण्णा बोलायच्या आधी लांब श्वास सोडायचे, जसं काय पोतं खाली ठेवलं. मी तसा सोडला.

"हां, राजू. पोरांचा पगार झाला का?"

तिकडं सनई वाजत होती. छोटे शेठ म्हणाले, अण्णा, तुम्ही एवढ्या उन्हाचं मिलवर कशाला गेलात.

"मी इचारलं काय, तू सांगतो काय."

"करतो अण्णा. आत्ता करतो."

मी फोन ठेवला आणि अण्णांच्या खुर्चीत बसलो.

दुकानात ताईंचा मोबाईल वाजला तेव्हा त्यांच्या मांडीवर शालू होता. त्यांनी चष्म्याच्या वरून मोबाईल बघितला, आणि त्याच शालूवर हात फिरवून म्हणाल्या, हाच घ्या, सकाळपासून हाच तर शोधून राहिलो. मग दत्ताचा मोबाईल वाजला. तो उठला आणि सगळ्यांदेखत जाऊन त्यानं दुकानदाराचं चुकतं केलं. परत आला तर नवरदेवाची आई ताईंना म्हणून राहिली होती, आत्याबाई, लग्नात माझ्या पंगतीला बसा. ताई बसल्या बी. ती दत्ताची बहीण आता नांदेडला सुखात आहे, आणि तिची सासू अजून विचारते, तुझी ती लातूरची आत्या कशी हाय.

मला वाटलं होतं ताई दुसऱ्या दिवशी विचारतील, शेठ एकदम कसे वळले. त्यांनी विचारलं नाही. मी बी सांगितलं नाही. बस्त्याच्या गोष्टी सांगून सांगून सगळ्यांना हसवत राहिलो, त्यांच्याच आवाजात.

पुढं लवकरच त्यांनी नोकरी सोडली. पोरं शिकून पुण्याला गेली होती, सासू नायगावला पडून होती, नवरा एकटा पडला होता. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणून रडता बी आलं नाही. निरोपाला शेठनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. ताई म्हणाल्या, चालतंय का आधी बघा.

आता पगाराचं काम नवीन पोरगा बघतो. हुशार आहे, वागायला चांगला आहे. पगार लांबला की त्याचा सगळ्यांच्या मोबाईलवर एकदम मेसेज येतो, काही तांत्रिक कारणामुळे, आणि खाली जोडलेले हात. लोक वाचतात आणि मोबाईल खिशात घालतात. कुणी भांडायला येत नाही. भांडायचं कुणाशी? सकाळी फाटकातून आत येताना मी अजून जरा डावीकडून येतो, खुर्चीला वाट सोडून. तिथं खुर्ची नाही. परवा दत्ता बी तसाच आला. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि कामाला लागलो. डब्याला लोक म्हणतात, ताईंचं कर. मी करतो. नाकात बोलत नाही आता, सुधारलंय. हसतात, मग कुणीतरी म्हणतं, असंच म्हनायच्या राव, आणि डबे लवकर बंद होतात.

तर त्यांना शेवटचं बघितलं ते लातूरच्या बसस्टँडवर. रविवार होता. नांदेडची गाडी, तिथून पुढं देगलूरच्या गाडीनं नायगाव. सामान मीच चढवलं. खिडकीची जागा धरून दिली. मी खाली उभा. मला वाटलं आता त्या काहीतरी गोड बोलतील, म्हणून मी तोंड तयार करून ठेवलं होतं.

ताई म्हणाल्या, "काल अण्णांचा निरोप घ्यायला गेले व्हते."

मी म्हणालो, बरे आहेत का?

"न्हाईत. बस्त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. महानंदा, मी काल मिलवर आलतो का गं? राजू म्हनतो मी फोन केला, मला तर काहीच ध्यानात न्हाई. मी समजले कोनाचं काम हाय. तुझी नोकरी गेली असती. मी म्हनलं, आलता अण्णा. ते म्हनले, असंल, आजकाल राहत नसंल ध्यानात."

ड्रायव्हर चढला. मी काहीतरी बोलायला गेलो.

"साकु. मी बोलून राहिले. मला वाटलं मिटलं. काल जाऊन बघते तर म्हातारा एकटा घराबाहेर पडंना झालाय. नातवाचं बोट धरून दारापातूर येतो. आपुन कुठं जातो, काय बोलतो, आपल्याला कळंना म्हनतो. एवढी मिल उभी केलेला मानूस, रे. किल्लारीचं भलं झालं, मी न्हाई म्हनत न्हाई. पर त्याचं मोल त्या म्हाताऱ्याच्या डोक्यातून काढून दिलंस तू. आन् वर मी माती टाकली. काल सांगनार व्हते मी, तोंडावर आलतं. मंग म्हनलं, मी कशाला, फोन ह्यानं केला."

आजूबाजूच्या खिडक्यांतून माणसं बघायला लागली होती. गाडी सुरू झाली. मी म्हणालो, ताई, शेठ काढून टाकतील मला.

"टाकू दे. काढलं तर नायगावला ये, तूर काढायला मानसं लागतात आमाला. आज रविवार हाय, राजू जेवून झोपतो, म्हातारा ओट्यावर एकटा असतो. आत्ता जा. उद्या बिद्या न्हाई. आन् तिथं जाऊन हसवू नको त्यांना. कोनाचा आवाज काढू नको. सरळ सांग, अण्णा, तुमी आलाच नव्हता."

गाडी मागं सरकली, वळली. त्या खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या, कंडक्टर आत व्हा, आत व्हा म्हणून ओरडून राहिला, आणि त्या त्याच्या वरताण आवाजात अजून माझ्यावरच, "उभा काय राहिला तोंड घेऊन? रिक्षा कर. आन् आधी भाव ठरवून बस, न्हाईतर तिथं बी फसशील."